नाव लिहून द्या, बंदूक ठेवा

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण मुरूड, रोहा, अलिबाग, पनवेल या पट्ट्यात ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, मग ती ठासणीची असो नाहीतर बारा बोरची, त्यांनी ती शेवटपर्यंत वाचावी. ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हा विषय बंदुकीपेक्षा सरकारी रजिस्टरचा जास्त आहे, आणि रजिस्टरात आपण सगळेच कुठे ना कुठे असतो.

आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. म्हणजे होती, आहे, मधेच काहीतरी. आजोबांच्या नावावरची ती १९७९ साली काकांच्या नावावर झाली. यंदा त्यांचं आजारपण झालं, नूतनीकरणाचा अर्ज करायला उशीर झाला, मुदत उलटली आणि नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. इथपर्यंत तक्रार नाही. परवाना संपला की हत्यार जवळ ठेवणं बेकायदा होतं, आणि ते विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, हे शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसांनाही तेच लागू. (हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. आजोबा जातात, बंदूक माळ्यावर राहते, आणि दहा वर्षांनी नातू गुन्ह्यात अडकतो.)

पण अर्ज दिल्यावर कचेरीतल्या साहेबांनी काकांना एक प्रश्न विचारला. "तुमचं गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येतं. वन खात्याकडे तुमच्या नावाची नोंद आहे का?"

मी शेजारीच बसलो होतो. मला वाटलं, हे काहीतरी नवीन काढलंय. काका मात्र शांतपणे म्हणाले, "आहे. शहाऐंशी साली केली."

ही १९८६ ची गोष्ट काय, ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो. पार १८५७ पर्यंत.

बंडानंतर इंग्रजांना पहिली भीती वाटली ती लोकांच्या घरातल्या हत्यारांची. १८५७ संपायच्या आतच हत्यारं आणि दारूगोळ्याबाबत कायदा झाला, १८६० साली दुसरा झाला. अवधसारख्या भागात तर घरोघरची हत्यारं गोळा केली गेली. तलवारी, भाले, बंदुका, तोफासुद्धा. आधी सांगितलं, हत्यारं आणून द्या. न दिलेली सापडली की शिक्षा. 'नोंद म्हणजे जप्तीची पहिली पायरी' ही जी समजूत आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजून आहे, ती काही लोकांच्या अडाणीपणातून आलेली नाही. ती अनुभवातून आली आहे.

मग आलं १८७८. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय. दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मेली होती, कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी तीनच वर्षांपूर्वी पुणे-नगरकडे सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. लिटनने त्या एकाच वर्षात दोन कायदे केले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा आणि दुसरा हत्यारांचा. वर्तमानपत्रांचा कायदा पुढे रिपनने १८८२ साली काढून टाकला. हत्यारांचा राहिला. तो थोडाथोडका नाही, ८४ वर्षं राहिला. सरकार कोणत्या गोष्टीला जास्त घाबरत होतं हे यावरून कळतं.

या १८७८ च्या कायद्यात लायसनशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. पण कोणाला? युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना त्यातून सूट होती. म्हणजे एकाच बाजारपेठेत गोऱ्या व्यापाऱ्याने खांद्यावर बंदूक टाकून फिरावं आणि त्याच्या शेजारच्या देशी दुकानदाराने लायसनसाठी कलेक्टर कचेरीचे खेटे घालावेत. राष्ट्रीय सभेच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांत, १८८७ च्या मद्रास अधिवेशनातसुद्धा, या कायद्याविरुद्ध ठराव झाला. बोचत होतं ते लायसन नव्हे, तो भेद. वंशावरून दिलेली ही सूट जायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. १९२० च्या नव्या नियमांत ती गेली.

आणि कायदा होऊन वर्ष होतं न होतं तोच १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड उभं राहिलं. कोळी-रामोशांना हाताशी धरून त्यांनी जे उभं केलं, ते दडपायला सरकारला फौजा फिरवाव्या लागल्या. फडके आपल्या शिरढोणचे. मी पनवेलला नोकरीला, दर शनिवारी गावी जाताना शिरढोणवरून जातो. वर कर्नाळ्याचा अंगठा दिसतो. फडक्यांचे आजोबा या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. आता गंमत बघा. त्याच कर्नाळ्याला १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. म्हणजे आज शिरढोणात कोणाकडे परवान्याची बंदूक असेल, तर त्याच्या बंदुकीशी पोलीस खात्याइतकाच वन खात्याचाही संबंध येतो. ज्या गावच्या माणसाला इंग्रज बंदुकीसाठी घाबरले, त्या गावातल्या बंदुकीची चौकशी आता पक्ष्यांसाठी होते. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. भीतीचा विषय बदलला, इतकंच म्हणायचंय.

मधला भाग भराभर सांगतो. गांधीजी अहिंसावाले, पण हत्यारांच्या कायद्यावर त्यांचा राग होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनी तो उघड बोलून दाखवला. जानेवारी १९३० मध्ये आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, मिठाच्या कराबरोबर, स्वसंरक्षणासाठी हत्याराचे परवाने मिळावेत ही मागणीही होती. मिठाची सगळ्यांना आठवते, ही कोणाला आठवत नाही. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला होता.

मग तो राज्यघटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. ज्याला कायद्याची चाड नाही, जो सराईत गुन्हेगार आहे, त्यालाही मग हाच हक्क सांगता येईल, अशी त्यांची अडचण होती. फाळणीच्या दंगली ताज्या होत्या, गांधीजींचा खून होऊन वर्षही झालं नव्हतं. मला विचाराल तर बाबासाहेबांचंच बरोबर होतं. अमेरिकेत शाळांमध्ये काय होतं ते आपण बघतोच. पण त्यामुळे एक गोष्ट ठरून गेली. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. ती सवलत आहे. आणि सवलत म्हटली की नोंद आली, मुदत आली, साहेबाची सही आली.

१९५९ चा शस्त्र कायदा, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, तो याच पायावर उभा आहे. पण त्यात शेतकऱ्यासाठी एक चांगली तरतूद आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. कलम १३ म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना द्यावा. "देता येईल" नव्हे, "द्यावा". अर्थात पोलिसांचा अहवाल आला पाहिजे आणि नकाराचं कायदेशीर कारण नसलं पाहिजे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, तिलाही तसंच. म्हणजे १९५९ मध्ये दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कोकणातला, वऱ्हाडातला डुकरांनी बेजार झालेला शेतकरी होता. पिस्तूलवाला पुढारी नव्हता.

आता येतो मूळ मुद्द्यावर. परवाना आहे, बंदूक परवान्यावर चढलेली आहे, मग पुन्हा वेगळी नोंद कशाला?

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वाघ, बिबटे, हरणं झपाट्याने संपत होती, आणि त्यात परवान्याच्या बंदुकांचाही हात होता हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या कायद्याचं कलम ३४ असं आहे. एखादं क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं की त्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने ठरलेल्या नमुन्यात, ठरलेली फी भरून, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे आपल्या नावाची नोंदणी करायची. त्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती पाहिजे. आणि २०२२ ची दुरुस्ती, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिने आणखी एक भर घातली. या पट्ट्यातल्या जुन्या परवान्याचं नूतनीकरणसुद्धा वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय होणार नाही. साहेबांनी काकांना प्रश्न विचारला तो या दुरुस्तीमुळे.

कलम नीट वाचलं तर दोन-तीन गोष्टी डोळ्यात भरतात.

एक म्हणजे ते नाव मागतं. बंदूक मागत नाही. बंदूक जमा करा असं त्यात कुठेही नाही. नाव लिहून द्या आणि बंदूक घरी ठेवा, एवढंच. अभयारण्याच्या आत ती घेऊन जायची तर वेगळी लेखी परवानगी लागते, ते कलम ३१, आणि ते योग्यच आहे.

दुसरं, ते राहण्याचं ठिकाण बघतं, शेत कुठे आहे ते बघत नाही. म्हणजे अभयारण्याला लागून वाडी असलेला पण मुंबईत घाटकोपरला राहणारा चाकरमानी या कलमात येत नाही, आणि नऊ किलोमीटरवर राहणारा, ज्याने जंगल फक्त एसटीच्या खिडकीतून बघितलंय असा मास्तर येतो. कायदा करणाऱ्यांचा विचार असा असावा की बंदूक असते घरात, शेतात नाही. ठीक आहे. पण आपल्याकडे निम्मी घरं वर्षातले दहा महिने बंद असतात हे कायद्याला कोण सांगणार.

तिसरी गोष्ट ग्रुपवर नेहमी गोंधळाची असते म्हणून सांगतो. इको-सेन्सिटिव्ह झोन वेगळा आणि हे दहा किलोमीटर वेगळे. तो झोन अधिसूचनेने कुठे शंभर मीटर तर कुठे चार-पाच किलोमीटर होतो, कमीजास्त होतो. कलम ३४ चे दहा किलोमीटर कायद्यातच लिहिलेले आहेत. झोन कमी झाला म्हणून तुमची नोंदीतून सुटका झाली असं नाही.

काही लोकांना शस्त्र कायद्याचा परवानाच लागत नाही, पण कलम ३४ ची नोंद बंदूक असलेल्या अशा लोकांनाही लागू आहे. कर्नाटकातल्या कोडगूचे कोडव आणि तिथल्या जम्मा जमिनीचे धारक यांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. इंग्रज गेले, वंशाची सूट गेली, ही राहिली. कोडव लोकांशी माझं काही वाकडं नाही. पण ठासणीच्या एका बंदुकीसाठी खेटे घालणाऱ्या कोकण्याला हे ऐकून जरा वाटतं खरं.

आता फणसाड. मुरूड आणि रोह्याच्या मधलं हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबांची राखीव शिकारीची जागा होती. संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण जंगल टिकलं, कारण ते राखीव होतं. रान उठवायला, हाका घालायला आजूबाजूच्या गावची माणसं जायची, आमच्या पणजोबांचं नावही त्यात घेतलं जातं. १९८६ साली फणसाडला अभयारण्य जाहीर झालं. आणि तीन महिन्यांचं घड्याळ सुरू झालं.

आता विचार करा. १९८६. गावात वर्तमानपत्र येतं एक, ते पण दुसऱ्या दिवशी. अधिसूचना छापली जाते राजपत्रात. राजपत्र गावात कोण वाचतो? आमच्याकडे ही बातमी आली ती वन खात्याच्या एका गार्डाकडून. काका सांगतात, तो गार्ड दुपारचा सायकलवरून आला, पाणी प्याला आणि म्हणाला की ज्यांच्याकडे लायसनच्या बंदुका आहेत त्यांनी नावं नोंदवून जा, तीन महिन्यांची मुदत आहे. त्याला असं सांगायची सक्ती होती की नाही, ठाऊक नाही. पण त्याने सांगितलं. त्या माणसाचे उपकार आहेत.

तेव्हा गावात चार बंदुका होत्या. आजोबा जिवंत होते. त्यांनी काकांना स्पष्ट सांगितलं, जायचं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "आज नाव नेतील, उद्या बंदूक नेतील." चौघांची ओट्यावर बैठक झाली. दोघं म्हणाले, गप्प बसा, कोण बघायला येतंय. एक म्हणाला, मी जातो. काका पस्तीस वर्षांचे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, लायसनच्या वहीत आपलं नाव आहेच, सरकारला आपण आहोत हे माहीतच आहे, मग लपून काय होणार. आणि ते गेले. एसटीने गेले, दिवस मोडला, फी भरली, पावती घेतली. आजोबा पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

बंदूक काही कोणी नेली नाही.

जे दोघं गप्प बसले त्यांचं काय झालं तेही सांगतो, नावं सांगत नाही, घरं अजून आहेत. एकाने भीतीपोटी पुढे नूतनीकरणालाच जाणं सोडलं. लायसन संपलं, बंदूक गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात गेली आणि कायद्याच्या भाषेत ती त्या दिवसापासून बेकायदा हत्यार झाली. तो वारल्यावर पोराला सापडली. पोरगा शहाणा, त्याने ती स्वतः ठाण्यात नेऊन दिली, तरी त्याला चार वेळा जबाब द्यावा लागला. दुसऱ्याची बंदूक, खरं सांगायचं तर, डुकरांपेक्षा भेकरांवरच जास्त चालायची. गावात सगळ्यांना माहीत होतं. भेकराचं मटण आमच्याही घरी एकदा आलंय, मी लहान होतो, खाल्लंय. म्हणजे कलम ३४ कशासाठी आहे असं कोणी विचारलं तर उत्तर आमच्या गावातच होतं. हे लपवून शेतकऱ्याची बाजू मांडण्यात मला रस नाही.

आज फणसाडमध्ये शेकरू दिसतो, सांबर आहे, बिबट्या आहे. नोंदी झाल्या नसत्या, शिकार थांबली नसती, तर यातलं काय उरलं असतं? नोंद हवी, या मताचा मी आहे.

पण आता दुसरी बाजू. साहेबांनी विचारल्यावर काकांनी घरी येऊन पत्र्याचा डबा काढला. त्यात लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे जुने उतारे, विहिरीच्या कर्जाची कागदं, आणि तळाशी ती पावती. ३९ वर्षांपूर्वीची. कागद घडीवर फाटलेला, शिक्का पुसट, आणि आडनावाच्या जागी आजोबांचं नाव. ती घेऊन आम्ही संबंधित वन कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने पावती उलटसुलट बघितली, आत गेला, अर्ध्या तासाने बाहेर आला. म्हणाला, "पावती बरोबर आहे. पण ते रजिस्टर मिळत नाही."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या रजिस्टरसाठी आजोबा पंधरा दिवस बोलले नाहीत, ज्या रजिस्टरच्या भीतीने एकाची बंदूक पेंढ्यात गेली, ते रजिस्टरच नाही. सरकारकडे काकांच्या नोंदीचा एकमेव पुरावा काकांच्या डब्यात होता.

हे काही पहिल्यांदा नाही. शस्त्र परवान्यांची देशभराची एकत्र यादी करायचं काम आता कुठे झालंय. प्रत्येक परवानाधारकाला युनिक आयडी क्रमांक द्यायचा, तो नसेल तर परवाना बाद, असं नियमांत आलं आणि त्याची मुदत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाढत २९ जून २०२० पर्यंत आली. का वाढली? कारण जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी रजिस्टरं जुळत नव्हती. १४ डिसेंबर २०१९ ला कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, जादाची वर्षाच्या आत जमा करा. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं. पाच वर्षांची मुदत ही चांगली गोष्ट झाली, म्हाताऱ्या माणसांचे दोन खेटे वाचले.

निवडणुकीचं तर सांगायलाच नको. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा करायचे आदेश निघतात. २०१९ ची विधानसभा आठवा. २१ सप्टेंबरला आचारसंहिता, २१ ऑक्टोबरला मतदान. कोकणात भात कधी तयार होतं? बरोबर, त्याच वेळी. डुकरांना निवडणूक आयोगाचं वेळापत्रक कोणी पाठवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्येच सांगितलंय की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करा असा आदेश नको, समितीने एकेकाचा विचार करून ठरवावं, कोणावर गुन्हे आहेत, कोण जामिनावर आहे ते बघावं. आयोगाच्या सूचनांतही छाननी समिती आहे. त्यामुळे तुमच्यावर काही गुन्हा नसेल आणि पीक उभं असेल, तर जमा करण्यातून सूट मिळावी असा अर्ज समितीकडे लेखी द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

आणि हे सगळं लिहिताना मला एकच गोष्ट खटकत राहते. बंदुकीची नोंद पोलिसांकडे, वन खात्याकडे, दिल्लीच्या यादीत, निवडणुकीच्या समितीकडे. चार ठिकाणी. ती असू द्या. पण गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या खालच्या कोंडीतलं भात तीन रात्रीत डुकरांनी लोळवलं, त्याची नोंद कुठे आहे? पंचनाम्याला माणूस आला तोवर उरलेलं आम्ही कापून घेतलं होतं, कारण आणखी थांबलो असतो तर तेही गेलं असतं. "नुकसान दिसत नाही" असं लिहून तो गेला. त्याचंही काही चुकलं नाही, त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. कायदा ज्या रीतीने माणसाला तीन महिन्यांची मुदत देतो, त्या रीतीने कचेरीला तीन दिवसांची देऊन ती पाळायला लावली असती, तर ठासणीच्या बंदुकीची निम्मी गरजच उरली नसती. काका स्वतः म्हणतात, "मला भरपाई वेळेवर दे, बंदूक मी तुला पाण्यात टाकून दाखवतो."

तर ज्यांचं गाव फणसाड, कर्नाळा, किंवा दुसऱ्या कुठल्याही अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहे आणि घरात परवान्याची बंदूक आहे, त्यांनी दोन कामं करा. घरातला जुना डबा, ट्रंक, देव्हाऱ्यामागची पिशवी तपासा, वन खात्याची पावती आहे का बघा. असेल तर तिची झेरॉक्स काढून तीवर शिक्का मारून घ्या आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका. नसेल तर गप्प बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नूतनीकरणाचा अर्जही मुदत संपायच्या आधी चांगले दोन-तीन महिने टाका. आमच्यासारखं आजारपण मधे आलं तर सगळंच अडकतं.

आमचं प्रकरण अजून चालू आहे. वन कचेरीने पावतीच्या झेरॉक्सवर शिक्का मारून दिलाय, तेवढ्यावर पुढचं काम होईल असं म्हणतात. बंदूक ठाण्यातच आहे. जमा करायला गेलो तेव्हा काकांनी बंदुकीबरोबर खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि एक फडकं दिलं होतं, पावसाळ्यात नळी गंजते म्हणून. हवालदार चांगला होता, हसला, म्हणाला ठेवतो. काका दर रविवारी मला फोन करून विचारतात, "ठाण्यात गेलास का? तेल लावलंय का बघितलंस?"